मोटारींतील वाटाड्या : तो कसा निवडावा?



आमच्या लहानपणीं परगांवीं निघालेली मोटार नाक्यानाक्यावर थांबे. चालक कांच खालीं करून पानपट्टीवरील एखाद्या गृहस्थास हांक मारी, आणि तो गृहस्थ हातांतलें काम टाकून पुढें येई व सांगे, "समोर वडाचें झाड लागेल, तेथून डावा हात धरा." हा वाटाड्या फुकट मिळे आणि बहुधा खरा असे. आज त्याची जागा तळहाताएवढ्या एका यंत्रानें घेतली आहे. तें बोलतें, चित्र दाखवितें, आणि चुकल्यास रागावत नाहीं. परंतु तें विकत घ्यावें लागतें, आणि विकत घ्यावयाच्या वस्तूची पारख करणें गृहस्थाश्रमी माणसाला चुकत नाहीं.

गेल्या दिवाळीपासून आमच्या आळींतील निदान चार कुटुंबांनीं मला एकच प्रश्न विचारला : गाडीसाठीं वाट दाखविणारें यंत्र घ्यावयाचें आहे, तर कोणतें घ्यावें? वस्तुतः मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. माझें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचें. पुढें तीस वर्षांवर मुलांना भूगोल शिकविला, इतकाच माझा अधिकार. परंतु हा प्रश्न जितका यंत्राचा तितकाच भूगोलाचाहि आहे. शिवाय या यंत्रावर एकदां नको तितका भरंवसा ठेवल्याचें दुःख मला स्वतःला सोसावें लागलें आहे. म्हणून आज चार शब्द सांगण्याचें धाडस करतों. अमुक कंपनीचेंच यंत्र घ्या असें मी सांगणार नाहीं, कारण दुकानांतील माल वरचेवर बदलतो. परीक्षा कशी करावी तेवढें सांगतों; ती परीक्षा सहसा बदलत नाहीं.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊं. या यंत्राला आपण दोन निरनिराळे प्रश्न विचारीत असतों. पहिला, "मी आतां कोठें आहें?" आणि दुसरा, "मला जेथें जावयाचें आहे तेथील वाट कोणती?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर आकाशांतून येतें, दुसऱ्याचें उत्तर नकाशांतून येतें. हे दोन साक्षीदार अगदीं भिन्न आहेत. पण पडद्यावर ते एकाच चित्रांत दिसतात आणि एकाच आवाजांत बोलतात. त्यामुळें पहिल्याची सचोटी आपण नकळत दुसऱ्याच्या नांवावर जमा करतों. सारी फसगत येथेंच होते.

आकाशांतील साक्षीदार कसा बोलतो तें पाहूं. पावसाळ्यांत वीज चमकली म्हणजे गडगडाट ऐकूं येईपर्यंत आपण आंकडे मोजतों. आवाजाला एक किलोमीटर अंतर तोडण्यास सुमारें तीन सेकंद लागतात. म्हणून सहा सेकंद झाले तर वीज दोन किलोमीटरांवर पडली असें समजतों. वेळेवरून अंतर काढण्याची हीच युक्ति येथें योजिली आहे. आवाजाच्या जागीं मात्र रेडिओची लहर आहे. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसएक उपग्रह फिरत असतात. या व्यवस्थेचें नांव जी.पी.एस. प्रत्येक उपग्रहांत अणुघड्याळें असतात, आणि "मी अमुक ठिकाणीं आहें, आतां अमुक वेळ झाली आहे," असें तो अखंड सांगत असतो. तो संदेश सेकंदास तीन लक्ष किलोमीटर या वेगानें येतो. डोक्यावरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत पोंचण्यास त्याला सेकंदाचा सुमारें पंधरावा हिस्सा लागतो. गाडींतील यंत्र तेवढा काळ मोजून अंतर काढतें. तीन उपग्रहांपासूनचीं अंतरें कळलीं म्हणजे स्थान ठरावयास हवें. परंतु आपल्या यंत्रांतील साधें घड्याळ अणुघड्याळाइतकें अचूक नसतें, आणि त्याची चूक काढण्यासाठीं चौथा उपग्रह लागतो.

हा हिशेब किती नाजूक आहे पाहा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जमिनीवर तीनशें मीटरांचा फरक पडतो. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणें उपग्रहांवरील घड्याळें जमिनीवरील घड्याळांपेक्षां दररोज सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. याची दुरुस्ती अगोदरच केलेली नसती, तर एका दिवसांत दहाएक किलोमीटरांची चूक सांचली असती. जो सिद्धांत केवळ पंडितांच्या उपयोगाचा असें लोक समजत, तो आज आपल्याला मंडईची वाट दाखवीत आहे!

ही व्यवस्था मुळांत अमेरिकन लष्करासाठीं निघाली. तिचा पहिला उपग्रह १९७८ सालीं आकाशांत गेला. १९८३ सालच्या सप्टेंबरांत कोरियाचें एक प्रवासी विमान मार्ग सोडून सोव्हिएट हद्दींत शिरलें व तेथें पाडलें गेलें. २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनीं ही व्यवस्था सर्वसामान्यांच्या उपयोगासाठीं खुली ठेवण्याचें जाहीर केलें. १९९५ सालीं ती पूर्णत्वास आली. तथापि लष्कराबाहेरच्या लोकांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि ती शंभर मीटरांपर्यंत जाई. शंभर मीटर म्हणजे भलतीच गल्ली! ही मिसळ मे २००० मध्यें बंद झाली, आणि तेव्हांपासून हें यंत्र मोटारींत खरोखर कामाचें झालें. आतां रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या व्यवस्थाहि आहेत. आपल्या देशानेंहि नाविक नांवाची व्यवस्था उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं गेला. त्यांतील कित्येक उपग्रहांच्या घड्याळांत पुढें बिघाड झाले, आणि नव्या पिढीचे उपग्रह पाठविण्यास २०२३ सालीं प्रारंभ झाला. चांगलीं यंत्रें यांपैकीं एकाहून अधिक व्यवस्थांचे संदेश ऐकतात, आणि मोकळ्या आकाशाखालीं आपलें स्थान पांचएक मीटरांच्या आंत सांगतात.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. पहिली अशी कीं, उपग्रहांचा हा संदेश ऐकण्यास मोबाइलचें नेटवर्क लागत नाहीं आणि त्याचें भाडेंहि द्यावें लागत नाहीं. "घाटांत नेटवर्क गेलें म्हणून जी.पी.एस. बंद पडलें," असें लोक म्हणतात, तें बरोबर नाहीं, बंद पडतें तें नकाशाचें येणें. दुसरी गोष्ट अशी कीं, आकाशांतील साक्षीदार आजच्या बहुतेक यंत्रांत सारख्याच योग्यतेचा असतो. म्हणून दुकानदार उपग्रहांची संख्या सांगूं लागला म्हणजे ती नम्रपणें ऐकून घ्यावी, आणि आपलें लक्ष नकाशाकडे वळवावें.

तरी या पहिल्या साक्षीदाराच्याहि कांहीं मर्यादा आहेत. मुंबईतील उंच इमारतींच्या दाटींत संदेश भिंतींवर आपटून येतो, त्याची वाट लांबते, आणि यंत्र आपल्याला शेजारच्या रस्त्यावर उभें करतें. बोगद्यांत तर संदेश पोंचतच नाहीं. द्रुतगति मार्गावरील भाताणचा बोगदा किंवा मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे मलबार टेकडीखालचे बोगदे घ्या. तेथें साधें यंत्र गोंधळतें, आणि ज्यांत वेग व वळण मोजण्याची निराळी सोय असते तें यंत्र अदमासानें वाट चालूं ठेवतें. तिसरी अडचण उड्डाणपुलाची. उंची काढण्यांत हें यंत्र आडव्या स्थानापेक्षां कच्चें असतें. त्यामुळें आपण पुलावर आहों कीं पुलाखालीं, याबद्दल त्याची वारंवार फसगत होते. अशा जागीं पाटी वाचावी हें उत्तम.

आतां दुसऱ्या साक्षीदाराकडे, म्हणजे नकाशाकडे येऊं. मी मुलांना शिकवितांना सांगत असें कीं, नकाशा म्हणजे भूमीचें एका विशिष्ट दिवशीं काढलेलें चित्र. १८०२ सालीं लँब्टन यांनीं मद्रासजवळ मोजणीस प्रारंभ केला आणि त्यांतून हिंदुस्थानच्या त्रिकोणमापनाचें प्रचंड काम उभें राहिलें. त्या मोजणींतील डोंगर आजहि जागच्या जागीं आहेत. पण रस्ते डोंगरांसारखे नसतात. ते रुंद होतात, वळतात, एकमार्गी होतात, दरडींखालीं जातात, आणि कधीं कधीं गांवालाच वळसा घालून निघून जातात. नकाशा मात्र ज्या दिवशीं काढला त्याच दिवसांत राहतो. माझ्या दुःखाची कथा ती हीच.

२०१२ सालीं आमच्या चिरंजीवांनीं हौसेनें गाडीसाठीं एक सुटें मार्गदर्शक यंत्र घेतलें. पांच वर्षें तें उत्तम चाललें. त्यांतील नकाशा नवा करून घ्यावा लागतो हें आम्हांपैकीं कोणाच्याहि मनांत आलें नाहीं. २०१७ सालच्या हिवाळ्यांत एके दिवशीं पहांटे दूरध्वनि आला कीं, माझे एक जुने सहकारी वारले. बावीस वर्षें आम्ही एकाच शाळेंत शेजारशेजारच्या वर्गांत शिकविलें होतें. त्यांचें गांव नाशिकच्या रस्त्यावरून आंत होतें. अकरा वाजतां नेणार असें कळलें. आम्ही लगेच निघालों. वाटेंत एका बाजारपेठेच्या गांवाला वळसा घालणारा नवा रस्ता झालेला होता. आम्ही त्यावर चढलों मात्र, आणि पडद्यावरील आमचा बाण रस्ता सोडून कोऱ्या जागेंतून, जणूं कोणाच्या शेतांतून, चालूं लागला. यंत्र पुनःपुन्हा सांगूं लागलें, "मागें वळा." समोर सरकारी पाटी होती, तिच्यावर आमच्या दिशेचा बाण सरळ दाखविलेला होता. मीं ती वाचली होती. पण मीं चिरंजीवांना म्हटलें, "यंत्र म्हणतें तें खरें असेल, तें उपग्रहाशीं बोलतें."

पहिल्या मिळालेल्या फाट्यानें आम्ही खालीं उतरलों, आणि यंत्रानें आम्हांला जुन्या रस्त्यानें थेट पेठेंत नेऊन सोडलें. त्या दिवशीं तेथें आठवड्याचा बाजार होता. बैलगाड्या, टेंपो, भाजीच्या पाट्या यांत आमची गाडी पाऊण तास अडकून राहिली. आम्ही पोंचलों तेव्हां मंडळी स्मशानांतून परत येत होतीं. त्यांच्या वडील मुलानें माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलें, "गुरुजी, थोडा वेळ थांबलों होतों आम्ही." यावर मी काय बोलणार? यंत्रानें आमचें स्थान शेवटपर्यंत अचूक सांगितलें होतें. खोटा होता तो नकाशा; आणि त्याहून खोटा होता माझा समज, कीं ज्याला स्थान कळतें त्याला वाटहि कळतेच.

म्हणून पहिली परीक्षा नकाशाच्या वयाची. ती दुकानांतच करतां येते. अटल सेतूचें उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजीं झालें. यंत्राला शिवडीहून चिर्ल्याची वाट विचारावी. तें समुद्रावरून न नेतां वाशीच्या खाडीपुलावरून वळसा घालूं लागलें, तर त्यांतील नकाशा त्या दिवसापूर्वींचा आहे असें बहुधा समजावें. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्यें सुरू झाला, आणि मुंबईच्या बाजूचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्यें. त्यावरूनहि वय कळतें. आपल्या स्वतःच्या भागांत वर्षादोनवर्षांत झालेला एखादा रस्ता आपणांस ठाऊक असेल, तर तो विचारावा. याहून चांगली कसोटी नाहीं. दुसरा प्रश्न दुकानदाराला विचारावयाचा तो असा : नवा नकाशा किती वेळां मिळतो, किती वर्षें मिळतो, आणि त्याचे निराळे पैसे पडतात काय? याचें उत्तर लेखी मिळालें तर उत्तम. स्वस्त यंत्राचा नकाशा जर पुढें कधींच बदलतां येत नसेल, तर तें यंत्र म्हणजे गेल्या सालचें पंचांग होय.

दुसरी परीक्षा नांवांची. महाराष्ट्रांत वडगांव आणि पिंपळगांव या नांवाचीं गांवें किती आहेत याची सहज कल्पना करतां येईल. गांवाचें नुसतें नांव घातलें म्हणजे यंत्र त्यांतलें कोणतेंहि एक निवडतें. यंत्र तालुका व जिल्हा दाखवितें काय, हें पाहावें. तसेंच २०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचें धाराशिव झालें, आणि २०२४ सालीं अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. जुनें व नवें अशीं दोनहि नांवें घालून पाहावीं. मराठी लिपींत लिहिलेलें नांव त्याला वाचतां येतें काय, हेंहि पाहावें, कारण इंग्रजी अक्षरांत आपल्या गांवांचीं नांवें जो तो निराळीं लिहितो. सर्वांत निश्चित पत्ता म्हणजे अक्षांश व रेखांश. ज्यांच्याकडे जावयाचें त्यांना आपल्या दाराशीं उभें राहून मोबाइलवरून हे आंकडे कळविण्यास सांगावें. अंशाच्या दशांश अपूर्णांकांत चार घरें दिलीं तर सुमारें दहा मीटरांपर्यंतची जागा ठरते. भूगोलाच्या तासाला मुलांना ज्या रेघा कंटाळवाण्या वाटत, त्यांचा असा उपयोग होईल असें मला तरी तेव्हां वाटलें नव्हतें.

तिसरी परीक्षा वाट निवडण्याच्या रीतीची. यंत्र वाट शोधतें तें हिशेबानें. हॉलंडमधील गणिती डाइक्स्ट्रा यांनीं १९५६ सालीं आम्स्टरडॅममध्यें कॉफी घेतां घेतां वीस मिनिटांत एक रीत बसविली, असें ते स्वतः सांगत. १९५९ सालीं ती प्रसिद्ध झाली. दोन चौकांमधील प्रत्येक रस्त्याला कांहीं किंमत द्यावयाची, मग ती अंतराची असो कीं वेळेची, आणि सर्वांत कमी किंमतीची सांखळी शोधून काढावयाची, असें तिचें सार आहे. आजच्या यंत्रांतील पद्धति याच विचारावर पुढें वाढलेल्या आहेत. यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. यंत्राला आपल्या पोटांतील पाण्याची, रात्रीच्या अंधाराची किंवा गाडीच्या खालच्या उंचीची काळजी नसते. बेरीज कमी आली म्हणजे त्याचें काम झालें. पांच मिनिटें वांचविण्यासाठीं तें मोठी गाडी बैलगाडीच्या वाटेवर घालील. म्हणून कच्चा रस्ता टाळ, टोलचा रस्ता टाळ, मोटारीची वाट दे, दुचाकीची देऊं नको, अशा सूचना यंत्राला देण्याची सोय आहे काय, आणि निघण्यापूर्वीं संपूर्ण मार्ग एकदम पडद्यावर पाहतां येतो काय, हें अवश्य तपासावें.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाहीं. जानेवारी २०२१ मध्यें आपल्याच अकोले तालुक्यांत, पडद्यावरील नकाशा पाहत रात्रीं चाललेली एक मोटार धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलावर उतरली, आणि एकाचा बुडून अंत झाला. ऑक्टोबर २०२३ मध्यें केरळांत मुसळधार पावसाच्या रात्रीं दोन तरुण डॉक्टरांची गाडी अशीच पेरियार नदींत गेली. नोव्हेंबर २०२४ मध्यें उत्तर प्रदेशांत बरेलीजवळ तिघेजण रामगंगेवरील अशा पुलावर चढले कीं, ज्याचा पुढचा भाग पुरांत वाहून गेलेला होता. त्या पुलाच्या तोंडाशीं पक्का अडसर नव्हता. त्यामुळें सारा दोष यंत्राच्या माथीं मारतां येणार नाहीं. परंतु पुलाखालीं पाणी आहे कीं पुलावर, हें यंत्राला दिसत नाहीं. तें चालकालाच पाहावें लागतें. भोरहून महाडाकडे उतरणारा वरंध घाट पावसाळ्यांत दरडींच्या भयानें वारंवार बंद ठेवतात. अशा दिवसांत निघण्यापूर्वीं वर्तमानपत्र पाहावें किंवा पोलिसांकडे चौकशी करावी. यंत्र त्यानंतर.

आतां कोणी म्हणेल, "खिशांत मोबाइल असतां निराळें यंत्र घ्यावेंच कशाला?" प्रश्न रास्त आहे. मोबाइलचा नकाशा नेटवर्कवरून सतत ताजा होत असतो, आणि पुढें गर्दी कोठें आहे हेंहि तो सांगतो. सुट्या यंत्राला बहुधा हें साधत नाहीं. शहरांत राहून शहराभोंवतींच हिंडणाऱ्या कुटुंबाला मोबाइल पुरेसा आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. मात्र दूरच्या प्रवासापूर्वीं त्या प्रदेशाचा नकाशा घरींच मोबाइलमध्यें उतरवून ठेवावा, म्हणजे घाटांत नेटवर्क गेलें तरी वाट दिसत राहते. असा उतरविलेला नकाशाहि कालांतरानें शिळा होतो, म्हणून प्रत्येक मोठ्या प्रवासाच्या आदल्या दिवशीं तो ताजा करावा. सुटें यंत्र घ्यावें तें ज्यांना वारंवार डोंगरांतून व नेटवर्क नसलेल्या मुलखांतून जावें लागतें, ज्यांच्या मोबाइलवर दिवसभर कामाचे निरोप येतात, किंवा ज्यांच्या घरांत एकच गाडी तीनचार जण चालवितात, त्यांनीं. सुट्या यंत्राचा नकाशा त्याच्या पोटांतच असतो, आणि तें आपलें एकच काम करतें. एका कामाचा नोकर पुष्कळदां दहा कामांच्या नोकराहून भरंवशाचा ठरतो; अट एवढीच, त्याचा नकाशा ताजा हवा.

यंत्राच्या अंगाविषयीं थोडें सांगतों. पडदा भर दुपारच्या उन्हांत वाचतां आला पाहिजे. म्हणून दुकानाच्या दिव्याखालीं पाहून समाधान मानूं नये, दाराबाहेर नेऊन पाहावा. त्याची अक्षरें चष्म्याशिवाय हातभर अंतरावरून दिसावींत. आवाज गाडीच्या कांचा उघड्या असतां ऐकूं यावा, आणि शक्य तर मराठींत असावा. ऐन वळणावर मनांत भाषांतर करीत बसण्यास सवड नसते. यंत्र बसविण्याचा स्टँड घट्ट हवा. रबरी वाटीनें कांचेला चिकटणारे स्टँड उन्हानें सैल होतात आणि नेमके घाटांत पडतात. चालकाच्या नजरेआड रस्ता होणार नाहीं आणि अपघाताच्या वेळीं हवेची पिशवी उघडते त्या जागेवर येणार नाहीं, अशा बेतानें तो खालच्या बाजूला लावावा. विजेसाठीं गाडीच्या सॉकेटमध्यें बसणारा चांगला चार्जर घ्यावा, कारण वाट दाखवितांना बॅटरी भराभर उतरते. उन्हांत उभ्या केलेल्या गाडींत यंत्र ठेवून जाऊं नये. तापानें बॅटरी बिघडते, आणि चोरालाहि आमंत्रण मिळतें.

विकत घेण्यापूर्वीं यंत्र मोकळ्या आकाशाखालीं सुरू करून पाहावें. पुष्कळ दिवस बंद असलेल्या सुट्या यंत्राला आपलें स्थान शोधण्यास प्रथम कांहीं मिनिटें लागूं शकतात. तो दोष नव्हे. उपग्रहांचें वेळापत्रक त्याला आकाशांतूनच सावकाश ऐकावें लागतें. मोबाइलला तेंच नेटवर्कवरून चटकन मिळतें. एकदां स्थान सांपडल्यावर मात्र तें वारंवार हरवतां कामा नये.

कायद्याचेंहि बोलणें आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या मोटार नियमांप्रमाणें गाडी चालवितांना हातांतील दळणवळणाचें साधन केवळ वाट पाहण्यासाठीं, आणि तेंहि चालकाचें लक्ष ढळणार नाहीं अशा रीतीनेंच, वापरतां येतें. म्हणून गांवाचें नांव गाडी सुरू करण्यापूर्वीं घालावें. वाटेंत बदल करावयाचा झाल्यास शेजारीं बसलेल्यानें करावा. एकटें असल्यास गाडी कडेला उभी करावी.

आतां सर्व बोलणें एकत्र करतों. उपग्रहांबद्दल फार चिंता करूं नये, नकाशाबद्दल करावी. त्याचें वय विचारावें, तो पुढें किती वर्षें ताजा होईल तें विचारावें, नेटवर्कशिवाय चालतो काय तें पाहावें. मग नांवें व सूचना देण्याच्या सोयी, मग पडदा, आवाज व स्टँड, आणि सर्वांत शेवटीं किंमत व बाह्य रूप. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात.

शेवटची गोष्ट यंत्राची नव्हे, आपली आहे. चांगल्यांतलें चांगलें यंत्र घेतलें तरी निघण्यापूर्वीं वाटेवरचीं चारपांच मोठीं गांवें एका कागदावर क्रमानें लिहून घ्यावीं. यंत्राचें म्हणणें आणि रस्त्यावरची पाटी यांत विरोध आला तर पाटी मानावी. आणि पाटीहि नसेल तर गाडी थांबवून, कांच खालीं करून, पानपट्टीवरील गृहस्थास विचारावें. तो अजून तेथें आहे, आणि पुलावर पाणी आलें आहे कीं नाहीं हें त्याला ठाऊक असतें. आमच्या घरीं आतां नवें यंत्र आहे, त्यांतील नकाशा चिरंजीव वेळच्या वेळीं बदलतात, आणि मी शेजारीं बसून पाट्या वाचतों. त्या दिवशीं एकच पाटी मानली असती, तर एका मित्राला शेवटचा नमस्कार वेळेवर घडला असता. आपल्यापैकीं कोणावर तसा प्रसंग न येवो, एवढ्यासाठींच हें सारें सांगितलें.